बुलडोझर येण्यापूर्वी: ‘चक्र’ आणि ‘हमारा शहर’ पुन्हा पाहताना

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील अभ्यासमंडळाने लागोपाठच्या दोन रविवारी दोन जुने चित्रपट दाखविले. पहिला, जयवंत दळवी यांच्या कादंबरीवर आधारलेला ‘चक्र’ (१९८१); दुसरा, आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ (१९८५) हा अनुबोधपट. दोहोंचा विषय मुंबईतील झोपड्या आणि तेथून हुसकावली जाणारी माणसे हा आहे. निवड माझीच होती. सेमिनरीत असताना, नव्वदीच्या आरंभी, हे दोन्ही चित्रपट आम्हांस व्हिडिओ कॅसेटवर दाखविण्यात आले होते. त्या वेळी ते पाहून आम्ही काही जण रात्रभर जागलो होतो. तीस-पस्तीस वर्षांनंतर त्यांचा परिणाम तसाच होतो का, हे पाहण्याची उत्सुकता होती. परिणाम झाला. मात्र त्याबरोबर एक असमाधानही मनात उरले आणि त्यास कारण झाला सभागृहात विचारला गेलेला एक प्रश्न.

‘चक्र’ संपल्यावर चर्चेसाठी दिवे लावले, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एक ज्येष्ठ गृहस्थ उभे राहिले. वाडीच्या मागच्या बाजूस त्यांनी आठ खोल्यांची चाळ बांधली असून ती भाड्याने दिली आहे. ते म्हणाले, “फादर, पाहून वाईट वाटलं. पण मला एक सांगा, या सगळ्यांत घरमालक कुठं आहे? जागा कोणाची, भाडं कोण घेतो, किती घेतो, काही कळलंच नाही.” सभागृहात थोडा हशा पिकला. प्रश्नामागे काही अंशी आत्मसंरक्षण असावे, असे मलाही वाटले. घरी परतल्यावर मात्र लक्षात आले की, समीक्षकाने विचारावयास हवा होता तो प्रश्न एका चाळमालकाने विचारला होता.

‘चक्र’ ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. मराठी मध्यमवर्गीय वाचकाने ज्या वस्तीकडे लोकलच्या खिडकीतून पाहून नाकास रुमाल लावला होता, त्या वस्तीत दळवींनी त्यास नेऊन बसविले. हे त्यांचे ऋण मोठे आहे. रवींद्र धर्मराज यांनी त्यावर हिंदी चित्रपट केला. अम्मा आणि तिचा मुलगा बेन्वा ही त्यातील मुख्य पात्रे. अम्मेवर हात टाकणाऱ्या सावकाराचा तिच्या नवऱ्याच्या हातून खून होतो आणि ते कुटुंब गाव सोडून मुंबईस पळून येते. मुंबईत नवरा झोपडी उभारण्यासाठी पत्रा चोरावयास जातो आणि पोलिसांच्या गोळीस बळी पडतो.

वाचकांनी या घटनेपाशी क्षणभर थांबावे. एक मनुष्य पत्र्यासाठी मरतो. तो पत्रा त्यास सोने-नाणे म्हणून नको आहे, डोक्यावर धरावयास हवा आहे. मुंबईच्या निवाऱ्याच्या प्रश्नाचे यापेक्षा नेमके दृश्य मराठी-हिंदी कथानकांत मला तरी आठवत नाही. यात शहराचे संपूर्ण अर्थशास्त्र सामावले आहे: शहरास त्या माणसाचे हात हवे आहेत, पण ते हात रात्री कोठे ठेवावयाचे याची तजवीज शहराने केलेली नाही. दुर्दैवाने कथानक या पत्र्याकडे पुन्हा परतत नाही. ते अम्मा, लुका आणि ट्रक चालविणारा अण्णा यांच्या वासना-विकारांच्या गुंत्यात शिरते. लुकाची ऐट, बेन्वाला त्याचे असलेले आकर्षण, पुढे लुकाचे रोगाने सडत जाणे, पोलिसांचा ससेमिरा हे सारे येते. स्मिता पाटील यांचा अभिनय इतका खरा आहे की, त्यांस मिळालेले राष्ट्रीय पारितोषिक अपुरे वाटावे. नसीरुद्दीन शाह यांचा लुकाही विसरता येत नाही. पण या सर्व गुंत्यात घर हा विषय पार्श्वभूमी होऊन बसतो. शेवटी बुलडोझर येतो आणि वस्ती सपाट करतो.

येथे माझा आक्षेप आहे, आणि तो शीर्षकापासूनच सुरू होतो. ‘चक्र’ ही प्रतिमा आपल्या संस्कृतीत फार जुनी आहे. चक्र फिरते, ते कोणी फिरविले हे विचारण्याचे कारण राहत नाही. दारिद्र्य, वासना, गुन्हा, रोग आणि पुन्हा दारिद्र्य असा फेरा दाखविला की वाचकास करुणा वाटते आणि लगेच सुटकाही वाटते; कारण नियतीपुढे कोणाचे काय चालणार! बुलडोझर मात्र नियतीने पाठविलेला नसतो. त्यास आदेश लागतो, आदेशावर तारीख असते, तारखेखाली सही असते. मुंबई महापालिकेच्या १८८८ सालच्या अधिनियमातील ३१४ वे कलम आयुक्तांस रस्त्यावरील व पदपथावरील अतिक्रमण पूर्वसूचनेवाचून हटविण्याचा अधिकार देते. ‘चक्र’मधला बुलडोझर पावसाळ्यासारखा येतो. तो तसा येत नाही, हे दळवींच्या कथेने सांगितले असते तर ती कथा अधिक थोर झाली असती.

एक उपप्रश्न याच ओघात. अम्मा उघड्यावर स्नान करते ते दृश्य चित्रपटाच्या जाहिरातफलकांवर झळकले आणि त्यावर बरीच चर्चा झाली. आमच्या सभागृहातील काही भगिनींनीही त्या दृश्याबद्दल नाराजी व्यक्त केली. मला त्यांची नाराजी समजते. परंतु दृश्यात अश्लील असे काही असेलच तर ते मोरीचा अभाव हे आहे. ज्या स्त्रीला चार भिंतींआड अंग धुण्याची सोय नाही, तिच्या त्या गैरसोयीचा फलक करून तिकिटे विकली गेली. घर नसणे म्हणजे केवळ छप्पर नसणे नव्हे, आडोसा नसणे आहे, हे चित्रपटाने दाखविले आणि जाहिरातदारांनी ते उलटे करून टाकले.

‘चक्र’ जेथे संपतो तेथून ‘हमारा शहर’चा विषय सुरू होतो. त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगावयास हवी. १९८१ च्या जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील पदपथवासी आणि झोपडीवासी यांस हटवून आपापल्या मूळ गावी धाडण्याचा निर्णय घोषित केला. झोपड्या तोडून माणसांस बसगाड्यांत घालून शहराबाहेर नेण्यात आले. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर काही जण न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि चार वर्षे चालले. त्याच काळात पटवर्धन हातात कॅमेरा घेऊन पाडकामाच्या जागी जात होते. मुंबईच्या सुमारे निम्म्या लोकसंख्येचे, म्हणजे चाळीस लाख झोपडीवासीयांचे हे चित्रण आहे. कारखान्यांतील कामगार, इमारती बांधणारे मजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांच्या श्रमांवर शहर उभे आहे आणि ‘शहर सुंदर करा’ या मोहिमेत हटवावयाची माणसेही तीच आहेत, हा या अनुबोधपटाचा कणा. विलास घोगरे यांचा आवाज त्यात आहे. १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरातील गोळीबारानंतर घोगरे यांनी आत्महत्या केली, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांना आज तो आवाज ऐकताना गलबलून येते.

पटवर्धन यांची पद्धत समोरासमोर मांडण्याची आहे. एका बाजूस तुटलेली झोपडी, दुसऱ्या बाजूस सुस्थित नागरिक, त्यांच्या तक्रारी, त्यांची सौंदर्यदृष्टी. आमच्या सभागृहात या सुखवस्तू मंडळींची वाक्ये ऐकून लोक मनमोकळे हसले. मला हसू आले नाही. ही वाक्ये मी आमच्याच जेवणाच्या टेबलांवर ऐकली आहेत. ‘हे लोक आले आणि गाव घाण झालं,’ ‘यांना कोणी बोलावलं होतं?’ ही वाक्ये वसईच्या पट्ट्यात नालासोपारा-विरारच्या नव्या वस्तीविषयी रोज बोलली जातात, आणि बोलणारी माणसे वाईट नसतात. रविवारी ती मिस्साला येतात, दानपेटीत पैसे टाकतात. पटवर्धनांच्या मांडणीतील धोका हाच की, ती श्रीमंतांस हास्यास्पद करते आणि प्रेक्षकास आपण त्यांपैकी नाही असे वाटू देते.

पटवर्धनांना हा धोका जाणवला असावा, असे मानण्यास जागा आहे. कारण चित्रपटातील सर्वांत कठोर क्षण त्यांनी स्वतःविरुद्धच राखून ठेवला आहे. पाडकामानंतर उघड्यावर आलेली एक स्त्री कॅमेऱ्याकडे वळून चित्रपट काढणाऱ्यास फैलावर घेते. तुम्ही आमचे फोटो काढाल, नाव कमवाल, आमच्या हाती काय पडेल, असा तिचा रोख आहे. कोणताही दिग्दर्शक हा भाग संकलनात कापून टाकू शकला असता. पटवर्धनांनी तो ठेवला. माझ्या मते ‘हमारा शहर’ला कलाकृती म्हणून उंची प्राप्त होते ती या एका निर्णयामुळे. हसणारे आमचे सभागृह त्या क्षणी गप्प झाले होते.

तिच्या प्रश्नाचे अपुरे का होईना, एक उत्तर चित्रपटाच्या बाहेर सापडते. १९८६ मध्ये नरीमन पॉइंट भागातील संजय गांधी नगर ही वस्ती तोडण्यात आली, तेव्हा पटवर्धन, शबाना आझमी आणि वस्तीतील काही रहिवासी उपोषणास बसले. शासनाने अखेर त्या कुटुंबांस गोरेगावला जागा दिली. विजय खराच, पण नरीमन पॉइंट ते गोरेगाव हे अंतर ज्यांनी रोज लोकलने कापले आहे त्यांस या विजयाची किंमत सांगावयास नको. दक्षिण मुंबईत धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीचे काम तेथेच राहते, घर तेवढे हलते.

काम आणि घर यांच्या या नात्याविषयी सर्वांत स्पष्ट विधान कोणत्याही कादंबरीत वा चित्रपटात नसून ते न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने ओल्गा टेलिस प्रकरणाचा निर्णय दिला. साहित्याचा विद्यार्थी म्हणून मी हे निकालपत्र पूर्वी वाचले होते, या लेखासाठी पुन्हा वाचले. त्याचा पूर्वार्ध हा आपल्या देशातील करुणेच्या गद्याचा एक उत्तम नमुना आहे. राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, कारण उपजीविकेचे साधनच काढून घेतले तर जीवित उरत नाही. ही माणसे पदपथावर राहतात ती हौसेने नव्हे, तर काम जवळ असल्याने, आणि तेथून हटविणे म्हणजे कामापासून तोडणे होय, इतक्या स्वच्छ शब्दांत न्यायालयाने मान्य केले. उच्च न्यायालयात त्यांच्या वकिलांनी पदपथावर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही अशी कबुली दिली होती, ती त्यांच्यावर बंधनकारक धरावी, हे महापालिकेचे म्हणणेही न्यायालयाने फेटाळले.

आणि मग उत्तरार्ध येतो. ३१४ वे कलम वैध ठरते. पदपथ पादचाऱ्यांसाठी आहेत. सर्वसाधारणपणे हटविण्यापूर्वी म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. परंतु या माणसांचे म्हणणे प्रत्यक्ष सर्वोच्च न्यायालयानेच ऐकून घेतले असल्याने आयुक्तांनी ते पुन्हा ऐकण्याचे प्रयोजन नाही! झोपड्या ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत पाडू नयेत, म्हणजे पावसाळा तरी निघून जाईल. १९७६ च्या गणनेत ज्यांस ओळखपत्रे मिळाली होती त्यांस पर्यायी जागा द्यावी. माणसांनी खटल्यात तत्त्व जिंकले आणि झोपडी गमावली. जगभरातील कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल निवाऱ्याच्या हक्काचा विजय म्हणून शिकविला जातो. पूर्वार्ध शिकविणाऱ्यांनी उत्तरार्धही वाचावा. ‘चक्र’मध्ये जो पत्रा कथेने विसरला, तसाच काहीसा प्रकार येथेही घडला आहे: मूळ दुखणे नेमके ओळखावयाचे आणि शेवटी बुलडोझर येऊ द्यावयाचा, फक्त तारीख ठरवून.

तारीख हा शब्द आला म्हणून सांगतो. गेल्या चार-पाच दशकांतील मुंबईच्या गृहधोरणाचा नायक कोण, असे विचारल्यास ‘पात्रतेची तारीख’ असे उत्तर द्यावे लागेल. प्रथम १९७६ ची गणना व फोटोपास, नंतर १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, त्यानंतर काही रक्कम भरून २०११ पर्यंत. १९९५ मध्ये तत्कालीन युती शासनाने चाळीस लाख झोपडीवासीयांस मोफत घरे देण्याचे आश्वासन दिले आणि बिल्डरांच्या हाती पुनर्वसनाची किल्ली दिली. जेथे जमीन महाग तेथे योजना झपाट्याने चालल्या, जेथे स्वस्त तेथे रेंगाळल्या. आश्वासन तीस वर्षांनंतरही पुरे झालेले नाही. तारखेच्या अलीकडचा मनुष्य पात्र, पलीकडचा अपात्र. दोघांची झोपडी एकाच भिंतीची असली तरीही. या तारखेवर एखादी थोर मराठी कादंबरी लिहिली जावयास हवी होती. ट्रंकेत सांभाळलेले पिवळे रेशनकार्ड हे तिचे मध्यवर्ती पात्र झाले असते.

जे कोणत्याच यादीत नाहीत त्यांची मोजणीही रात्रीच करावी लागते. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभरातील बेघरांची मोजणी झाली, तेव्हा ती संख्या सतरा लाखांवर भरली. जनगणनेसाठी प्रवासास निघालेल्या आणि धर्मशाळेत जागा न मिळालेल्या एका कुटुंबाची कथा आपण दर नाताळात सांगतो. मोजणाऱ्या शासनापाशी त्याही रात्री खोली नव्हती. शहरातील दर लाख लोकसंख्येमागे एक रात्रंदिवस चालणारे निवारागृह असावे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे व पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानामुळे रूढ झाला. २०११ च्या लोकसंख्येनुसार मुंबईस अशी सव्वाशेच्या घरात निवारागृहे हवीत. मुंबई त्या संख्येच्या जवळपासही पोचलेली नाही.

आता आमच्या चाळमालक गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळतो. घरमालक कुठे आहे? ‘चक्र’मध्ये नाही, ‘हमारा शहर’चा तर तो विषयच नाही, आणि निकालपत्रात समोर उभी आहे ती महापालिका. वास्तविक मुंबईतला गरीब मनुष्य फार काळ झोपडीत राहत नव्हता; तो चाळीत भाड्याने राहत होता. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. त्या चाळींबद्दल गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तेथे कामगारास दरमहा परवडेल असे भाडे भरून, कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर, राहता येत होते. पुढे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूंचे रक्षण झाले. मात्र भाड्यासाठी नवे घर बांधण्यात कोणास रस उरला नाही. पागडी आली, जुन्या इमारती दुरुस्तीवाचून खंगल्या, आणि नव्याने आलेल्या माणसास झोपडी हाच भाड्याचा पर्याय राहिला. होय, झोपडीही भाड्यानेच मिळते. जागा अडवून, पत्रे ठोकून भाडे व डिपॉझिट घेणारा झोपडीदादा हाही घरमालकच. शासनाने २००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेशासाठी भाड्याच्या घरांची योजना आणली, ती पुन्हा १६० चौरस फुटांचीच. नव्वद वर्षांनंतर आपण त्याच खोलीपाशी येऊन ठेपलो होतो, आणि थोड्याच वर्षांत तीही योजना गुंडाळून विक्रीच्या घरांकडे वळलो. आपले धोरणकर्ते घर म्हटले की मालकीचेच घर समजतात. २०२० च्या टाळेबंदीत लाखो मजूर पायी गावी निघाले त्यामागे रोजगाराइतकेच थकलेले घरभाडेही होते. त्यानंतर त्याच वर्षी केंद्र शासनास परवडणाऱ्या भाडेघरांची योजना सुचली!

या रिकाम्या जागेत आज कोण उभे आहे? आमचे चाळमालक उभे आहेत. गिरणगाव आणि गिरगाव सोडून, पुढे उत्तरेकडील राज्यांतून येऊन, माणसे नालासोपारा-विरारकडे सरकली. १९९० मध्ये वसई-विरार परिसराचे नियोजन सिडकोकडे गेले तेव्हा हिरव्या वसईसाठी आपल्या माणसांनी, आपल्या धर्मगुरूंनी लढा दिला. तो रास्तच होता. परंतु जमीन वाचविण्याच्या त्या लढ्यात, येणाऱ्या माणसाने राहावयाचे कोठे, हा प्रश्न आम्ही पुरेशा मोठ्याने विचारला नाही. त्याचे उत्तर भूमाफियांनी दिले. २०२५ च्या आरंभी नालासोपाऱ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या. मैलाशुद्धी आणि कचरा यांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर त्या बांधून विकल्या गेल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारची एक अनधिकृत इमारत कोसळून १७ जण दगावले. ‘चक्र’मधील बुलडोझर आता आपल्या तालुक्यात आला आहे, आणि यावेळी त्याच्यापुढे पत्र्याची झोपडी नाही, कर्ज काढून घेतलेली खोली आहे.

दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वी स्वतःविषयी लिहिणे क्रमप्राप्त आहे. नव्वदीच्या उत्तरार्धात मी एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. तेथील शाळेच्या वाढीव इमारतीच्या कामावर आलेले एक जोडपे काम संपल्यावरही आवाराच्या भिंतीला ताडपत्री लावून राहिले होते. दोन लहान मुले होती. सणापूर्वी भिंतीस चुना लावावयाचा होता. त्यांस जाण्यास सांगण्याचे काम माझ्यावर आले आणि मी ते केले. गोड शब्दांत केले, वाटेखर्चासाठी काही पैसेही दिले. ती माणसे काही न बोलता ताडपत्री गुंडाळून निघून गेली. कोठे गेली हे मी विचारले नाही. सेमिनरीत ‘हमारा शहर’ पाहून रात्र जागवून पाच-सहा वर्षेही झाली नव्हती. त्या भिंतीपलीकडील वर्गखोल्या त्यांनीच बांधल्या होत्या, हे मला ठाऊक होते.

१९८७ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने बेघरांच्या निवाऱ्याचे वर्ष म्हणून पाळले. त्या वर्षाच्या अखेरीस व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने एक निवेदन प्रसिद्ध केले. त्याचे शीर्षक काइनला विचारलेल्या प्रश्नावरून घेतले आहे: तू तुझ्या बेघर भावाचे काय केलेस? घर हा निव्वळ बाजारातील माल नव्हे, बेघरपणा हे अपघाताने घडणारे दुर्दैव नसून समाजरचनेतील दोषाचे फळ आहे, असे त्यात प्रतिपादन आहे. सेमिनरीत आम्ही या निवेदनावर निबंध लिहिले होते. माझ्या निबंधास चांगले गुण मिळाले होते.

‘हमारा शहर’ दाखविल्यानंतरच्या चर्चेत मी चाळमालक गृहस्थांना त्यांच्या प्रश्नाबद्दल जाहीरपणे धन्यवाद दिले आणि वरीलपैकी बरेचसे सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “फादर, मी भाडं बाजारापेक्षा कमी घेतो. पाण्याची टाकी बांधून दिली आहे. पोरांच्या शाळेसाठी शिफारस करतो. आणखी काय करू?” मी विचारले, भाड्याची पावती देता का? करार करता का? ते म्हणाले, पावती दिली की भाडेकरू डोक्यावर बसतो. वकिलांनीच तसे सांगितले आहे. मागच्या रांगेतून एक तरुण उठला. आमच्या सभागृहात तो प्रथमच आला होता. त्यांच्याच चाळीतील एका खोलीत राहतो, असे नंतर कळले. तो हिंदीत म्हणाला की, आठ वर्षे तो येथे राहतो आहे, परंतु पावती नसल्याने येथील पत्त्याचा कोणताही कागद त्याच्यापाशी नाही. उद्या काही योजना आली, कोणी कोणती तारीख लावली, तर तो येथे राहतच नव्हता असे ठरेल.

गृहस्थ खाली बसले. त्या दिवशी त्यांनी उत्तर दिले नाही. पुनरुत्थानाच्या सणानंतर एकदा कार्यालयात आले आणि भाडे कायद्याची माहिती असलेला, फार फी न घेणारा एखादा वकील माझ्या ओळखीत आहे का, अशी चौकशी करून गेले.